बॅटरीगाडीचा आवाज

६ जानेवारी

काम मिळालं. आज खरं तर खुशीत असायला हवं होतं, पण सरकारी खात्याच्या साहेबांनी तासाभरात सगळ्याची माती केली.

मी नीट समजावून सांगितलं होतं. गेम अंध मुलींच्या शाळेसाठी आहे, रस्ता कानांनी कसा ओलांडायचा ते शिकवणारा. हेडफोन लावायचे, हातात बटणांची छोटी पेटी धरायची. डावीकडून बस, उजवीकडून सायकल, मागे कुणीतरी हातगाडी ढकलतंय. वाट मोकळी वाटली की बटण दाबून पाऊल टाकायचं. चुकलं तर ब्रेक कचकन लागतात आणि तुम्ही परत फुटपाथवर. स्क्रीन पूर्ण काळी.

"काळी? म्हणजे चित्रं नंतर येणार?" साहेब.

"चित्रं येणारच नाहीत. खेळणाऱ्या मुलींना दिसत नाही."

"ते ठीक आहे हो. पण उद्घाटनाला पाहुण्यांना काय दाखवायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर साहेब फाइलीत तोंड खुपसून बराच वेळ काहीबाही बोलले. हुद्दा वाढला की माणसांना तोंड उघडून बोलायचाही कंटाळा येतो. मी "हो, हो" म्हणत राहिले.

जिना उतरताना आमची कोडवाली म्हणाली, "मॅडम, पंधरा मार्च? आपलं तर मे अखेर ठरलं होतं ना?"

मी पंधरा मार्चला हो म्हटलं म्हणे! मी असं काही म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर त्यांनी फसवून वदवून घेतलंय. पण कागदावर सही माझीच. आता दहा आठवड्यांत गेम उभा करायचा. आम्ही तिघं: मी गेम रचणार, कोडवाली तो यंत्रात उतरवणार, आणि आवाज कानसेनचे. त्याचं हे नाव बारा वर्षांपूर्वी मीच ठेवलं. पंख्याचा आवाज ऐकून त्याची कुठलं पातं वाकलंय ते सांगणारा माणूस आहे.

९ जानेवारी

शाळेत गेले. लांब व्हरांडा, खांबच खांब. मुली त्यांच्यामधून अशा सुसाट पळतात की आपल्यालाच धडकी भरावी. एक चौदा वर्षांची मुलगी जिभेने टक् टक् करत चालते. आवाज भिंतीवर आपटून परत कसा येतो त्यावरून तिला दार कुठे ते कळतं. तिला सगळ्या टिकटिक म्हणतात. तिनेच मला शाळा दाखवली. सारखी फिरून माझ्या डाव्या हाताला येत होती. उजवीकडे खांब होते म्हणून असेल.

शाळेच्या बाईंनी फाटक दाखवलं. कुलूप होतं. पूर्वी आठवीपासूनच्या मुली एकट्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायच्या, वही, पेन, खाऊ आणायच्या. नोव्हेंबरात नववीतल्या एका मुलीला बॅटरीवरच्या स्कूटरने उडवलं. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. त्या दिवसापासून शाळेच्या समितीने फाटक बंद केलं.

"तुमच्या गेमने मुली तयार झाल्या तर समिती कुलूप काढायचा विचार करेल," बाई म्हणाल्या. "विचार करेल असं म्हणतेय हं. पण आत्ता तर तेवढंही नाही."

मी टिकटिकला विचारलं, "ती स्कूटर ऐकू येत नाही ना? म्हणून अपघात झाला?"

"येते की मावशी. बारीक येते. सुई ओढल्यासारखी. पण कुणी शिकवलेलंच नाही ना ओळखायला. आपण मोठ्या आवाजाकडे लक्ष देत राहतो आणि ती मधून येते."

ठरलं. तिसरी लेव्हल बॅटरीगाडीची. या गेमचा सगळा जीव तिच्यात.

चाचणीसाठी सहा मुली निवडल्या. सातव्या मुलीला वगळलं. तिला मैत्रिणी ढग म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे. तीन प्रश्न विचारले, तिन्हींना "हो" म्हणून हसली. दुसरा प्रश्न होता, तुझं वय काय. लक्ष द्यायचंच नसेल तर मला वेळ नाही.

१७ जानेवारी

घरात बसून काम करावं म्हटलं तर घरातही सुख नाही.

नवरा मागच्या खोलीत कवळ्या बनवतो. तिथून माझ्याकडे पाठ करून बोलतो. मी म्हटलं, "बोलताना गिऱ्हाइकाची कवळी तोंडात घालतोस का रे? एक शब्द धड कळत नाही." तो आला, समोर उभा राहिला, काहीतरी सांगणार होता. मग नुसताच म्हणाला, "चहा घेतेस का, असं विचारत होतो." आणि गेला. आता यात एवढं तोंड पाडायचं काय कारण?

मुलीचा फोन आला. तिला शंभरदा सांगितलंय की चालता चालता बोलू नकोस. शेवटी म्हणाली, "आई, तू मला फक्त मेसेज करत जा." सहा महिन्यांनी आईशी दहा मिनिटं बोलायचाही कंटाळा! मी फोन ठेवून दिला.

आणि कुरिअरवाला. 'दोनदा बेल वाजवली, घरी कोणी नाही' अशी चिठ्ठी दारात सोडून गेला. मी दिवसभर घरात होते! सरळ तक्रार केली त्याची. जगात कुणालाच आपलं काम नीट करायचं नाही.

२३ जानेवारी

कानसेनने बॅटरीगाडीचं रेकॉर्डिंग आणलं. तीन दिवस सकाळी सातला रस्त्याच्या कडेला माइक धरून उभा होता म्हणे. मी हेडफोन लावले. बस, सायकलची साखळी, दूरवर कुत्रं. छान. आणि गाडी?

"आत्ता गेली," तो म्हणाला.

"कुठे गेली?"

"उजवीकडून डावीकडे. पुन्हा लावतो."

पुन्हा लावलं. पाचदा लावलं. काही नाही. बस आणि कुत्रं.

"अरे, तू गाडी न घेताच आलायस."

"ताई, आहे ती. डोळे मिटून ऐका."

डोळे मिटून ऐका! मला सांगतो. हा माणूस आला तेव्हा याला माइक उलटा धरायची सवय होती. मी म्हटलं, "वाढव आवाज." वाढवला. "आणखी." त्याने वाढवला, आणि स्वतःचे हेडफोन काढून ठेवले. चौथ्यांदा वाढवल्यावर मला पुसटसं काहीतरी ऐकू आलं.

"हं. आता कशी आली!"

"ताई, ही स्कूटर राहिली नाही. ही शिट्टी झाली. मुलींचे कान दुखतील. आणि रस्त्यावर असा आवाज नसतोच. मग त्या शिकणार काय?"

"मला ऐकू येत नाही तो आवाज मुलींना काय कपाळ ऐकू येणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच काहीतरी विचारलं. मला वाटतं 'तुम्ही दमलात का' असं असावं. मी म्हटलं, हो, दमलेय, तुझ्यामुळे. आवाज असाच ठेवायचा. स्टुडिओ माझा आहे.

३० जानेवारी

डोळ्यांना फडकं बांधून स्वतः गेम खेळले. पहिली लेव्हल पार, दुसरी पार. तिसरीत सात वेळा मेले. सातही वेळा त्या गाडीखाली.

कोडवाली बसली आणि पहिल्या फटक्यात पार झाली. तिने कोड लिहिलाय, तिला गाड्या कधी येतात ते पाठ आहे. तिचं धरता येत नाही. लेव्हल अजून सदोष आहे.

६ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहायला बसलेय.

शाळेत चाचणी होती. पहिल्या दोन लेव्हल मुलींनी हसत खेळत पार केल्या. तिसरी सुरू झाली आणि दोघींनी हेडफोन ओढून फेकले. एक रडायला लागली. बाई धावत आल्या. टिकटिकने दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले होते. म्हणाली, "मावशी, हा आवाज खोटा आहे. अशी गाडी नसते."

सगळ्या शाळेसमोर माझी शोभा झाली. आणि कानसेन मागे भिंतीला टेकून उभा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याने मुद्दाम केलंय! मी सांगितलं त्याहून दुप्पट वाढवून ठेवलंय, मला खोटं पाडायला.

व्हरांड्यातच त्याला धरलं. तो म्हणाला, "आवाजाचा काटा तुम्ही ठेवला होता तिथेच आहे. बघा हवं तर."

"काटा गेला खड्ड्यात! बारा वर्षं तुझे लाड केले. तुझे कान गेलेत, कानसेन. वय झालं त्यांचं. दुसरं काहीतरी काम बघ."

त्याचा चेहरा पांढरा झाला. चाळीस वर्षांचा माणूस, पण क्षणभर मार खाल्लेल्या पोरासारखा दिसला. त्याने माइकची पेटी उचलली, खिडकीकडे तोंड करून कोडवालीला काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. मी तिला विचारलं, काय म्हणाला? तिने मान हलवली. "काही नाही, मॅडम."

शिव्या दिल्या असतील. देऊ देत.

१४ फेब्रुवारी

नवा आवाजवाला मिळत नाही. बाजारातून तयार आवाज घेतले, त्यांतही गाडी ऐकू येत नाही. शेवटी कटकट मिटवली. तिसरी लेव्हल काढून टाकली आणि खात्याला रीतसर अहवाल लिहिला: 'बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांचा आवाज सामान्य मानवी कानाला ऐकू येत नाही. सबब त्याचे प्रशिक्षण देणे शक्य नाही.' खाली माझं नाव, तेवीस वर्षांचा अनुभव.

कोडवालीने अहवाल वाचला आणि दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कोडवालीसुद्धा!

२० फेब्रुवारी

सकाळी बाईंचा फोन. रडतायत की ओरडतायत कळेना. शेवटी शाळेतच गेले. त्यांनी समितीचं पत्र माझ्या हातात दिलं. माझा अहवाल साहेबांनी समितीकडे पाठवला होता. 'सदर वाहने ऐकू येणे अशक्य असल्याचे तज्ज्ञांचे मत विचारात घेता फाटक कायमस्वरूपी बंद ठेवण्यात यावे.'

"कायमस्वरूपी," बाई म्हणाल्या. "मॅडम, या मुली रोज ऐकतात हो त्या गाड्या. तुम्ही कुठल्या आधारावर लिहिलंत?"

"माझ्या कानांच्या आधारावर!"

टिकटिक तिथेच होती. म्हणाली, "मग रस्त्यावर चला."

मला राग आवरेना. म्हटलं, चल. बाईंनी कुलूप काढलं. मी ओढणी घट्ट डोळ्यांना बांधली आणि दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिलो. बाई आमच्यामागे. अट अशी की रस्ता मोकळा वाटला की 'मोकळा' म्हणायचं.

बस गेली. दोघी गप्प. एक ट्रक गेला. मग शांत झालं. मी म्हटलं, "मोकळा."

"येतेय," टिकटिक म्हणाली.

"काही येत नाहीये."

"येतेय मावशी, उजवीकडून."

मी पाऊल टाकलं. तिने माझं मनगट असं ओढलं की मी मागे बाईंच्या अंगावर आपटले. माझ्या हाताला वारा लागला. कुणीतरी ओरडलं. ओढणी खाली ओढली तेव्हा स्कूटर वीस पावलं पुढे गेली होती आणि चालवणारा मागे वळून हातवारे करत होता.

पुन्हा उभी राहिले. बाई नको नको म्हणत होत्या. त्यांना म्हटलं, मला धरून ठेवा पण बोलू नका. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. तिन्ही वेळा टिकटिकने 'येतेय' म्हटल्यावर गाडी आली. आणि माझ्या कानात काही नाही. भिंत.

मी तिच्यावरच खेकसले, "तुला कसं कळतं?"

ती म्हणाली, "मावशी, मी तुमच्या उजवीकडून बोलले की तुम्ही 'हो, हो' म्हणता आणि भलतंच उत्तर देता. म्हणून मी डावीकडे येते. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

२१ फेब्रुवारी

मी बहिरी नाही.

२५ फेब्रुवारी

काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. माझ्याच गेमसारखं. मी दाबत होते. मग बराच वेळ आवाज येईना. वाटलं यंत्र बंद पडलं. बाहेर बघितलं तर तपासणारी मुलगी यंत्राचं बटण फिरवतच होती, फिरवतच होती, आणि माझ्याकडे बघत होती.

तिने आलेख दाखवला. आलेखाच्या डाव्या बाजूला रेघ ठीक आहे, जाडे आवाज सगळे येतात. मग मधेच रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. उजव्या कानाची तर तळालाच. बारीक आवाज नाहीत. बोलण्यातले स, श, फ, त नाहीत. म्हणून माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात.

"किती दिवसांपासून?"

"पाचसहा वर्षं सहज."

घरी येऊन नवऱ्याला कागद दाखवला. त्याला नवल वाटलं नाही! तिथे माझा तोल गेला. "तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

तो समोर येऊन बसला. सावकाश बोलला. "तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालीस मी पुटपुटतो. दुसऱ्यांदा दोन दिवस अबोला धरलास. तिसऱ्यांदा…"

"तिसऱ्यांदा काय?"

"कवळी तोंडात घालतोस का, असं म्हणालीस."

मी म्हटलं, मग चौथ्यांदा सांगायचं होतंस. आजही मला तसंच वाटतं. चौथ्यांदा सांगायचं होतं. बायको आहे मी तुझी.

मग कुरिअरवाल्याची तक्रार आठवली. ती मागे घ्यायला फोन केला. पलीकडची मुलगी काय म्हणाली ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

कोडवालीला बसवून विचारलं, "त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून काय म्हणाला तो?"

बरेच आढेवेढे घेतले तिने. मग सांगितलं. "म्हणाला, ताईंना कुणीतरी डॉक्टरकडे ने. मी सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत."

कानसेन बसस्थानकाच्या कचेरीत मागच्या खोलीत सापडला. गाड्यांच्या घोषणा रेकॉर्ड करत होता. मला बघून त्याने यंत्र बंद केलं, पण उठला नाही. मी दारातच सुरू केलं, आलेखाचं, शाळेचं, सगळं.

"ताई, माफी मागताना तरी ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये!"

"ओरडताय. बाहेरचे प्रवासी बघतायत."

मी खाली बसले. शेवटी म्हटलं, "तुझं रेकॉर्डिंग बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं. तीन दिवस उभा होतो मी." आता त्याचा आवाज चढला. इतका की मला एकेक अक्षर ऐकू आलं. "तुमचे कान गेले यात तुमचा दोष नाही. पण माझे गेले असं तुम्ही पोरींसमोर म्हणालात. मी कानांवर पोट भरतो, ताई. त्या दिवसानंतर दोन ठिकाणी मला विचारलं लोकांनी, कान तपासून घेतलेत का म्हणून. मी जाऊन तपासून आलो! मला स्वतःचीच खात्री वाटेना."

मी माझा आलेख काढून त्याच्यापुढे ठेवला.

तो म्हणाला, "परत येईन की नाही ते नंतर बघू. आधी तो अहवाल मागे घ्या. लेखी. कारणासकट."

२ मार्च

कारणासकट लिहिलं. 'अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीस श्रवणदोष असून तो तिला ज्ञात नव्हता.' हे एक वाक्य लिहायला सकाळची दुपार झाली. चार वेळा 'किंचित श्रवणदोष' लिहिलं आणि चार वेळा 'किंचित' खोडलं.

साहेबांनी लगेच बोलावलं. पत्र टेबलावर पालथं टाकलेलं. "म्हणजे आवाजाचा गेम, आणि प्रमुख बाईंना ऐकू येत नाही. वरच्यांना काय सांगू मी?"

"सांगा की आवाजाचा शेवटचा शब्द यापुढे माझा नाही. आवाजाच्या माणसाचा आणि शाळेतल्या सहा मुलींचा आहे. त्यांनी नाही म्हटलं तर गेम बाहेर जाणार नाही. तसं लिहून आणलंय." मी दुसरा कागद पुढे केला.

त्यांनी तो बराच वेळ वाचला. तारीख मात्र एक दिवसही पुढे ढकलली नाही.

कानसेन संध्याकाळी स्टुडिओत परत आला. मला ताई म्हणत नाही. मॅडम म्हणतो.

८ मार्च

यंत्रं मिळाली कानातली. भयंकर प्रकार आहे. कागद कडकडतो. नळ किंचाळतो. नवरा पाव खातो त्याचा आवाज येतो. माझ्या स्वतःच्या चपला इतकी वर्षं इतका आवाज करत होत्या आणि कुणी बोललं नाही!

शाळेत गेले. तिसरी लेव्हल पुन्हा बसवली आहे, कानसेनच्या पहिल्या रेकॉर्डिंगवर. टिकटिकने ती दोनदा खेळून "हं, ही खरी" म्हणून शिक्का मारला. मी खेळले. गाडी ऐकू आली! सुई ओढल्यासारखीच. ऐकू आली आणि तरी मेले, कारण कुठून येतेय ते कळेना. मुलींना काय हसू फुटलं.

त्या हसत होत्या तेव्हा ढगही बाकावर बसून हसत होती. पण जरा उशिरा. सगळ्यांचं संपत आल्यावर तिचं सुरू झालं. मी तिच्यासमोर जाऊन बसले, तिचा हात धरला आणि विचारलं, "काय झालं हसायला?"

"हो," ती म्हणाली आणि गोड हसली.

ते 'हो' मी ओळखते. ते माझंच आहे.

बाईंना विचारलं, हिचे कान कधी तपासले? डोळ्यांची फाइल बोटभर जाड, कानांचा एक कागद नाही. नऊ वर्षं ही मुलगी मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर. आणि मी येऊन तिला आणखी मागे ढकललं. दहा मिनिटांत ढकललं. मला स्वतःचा इतका संताप आला की बाईंवरच ओरडले. नंतर बाईंची माफी मागितली. हळू आवाजात. सराव करतेय.

कोडवालीला सांगितलं, चौथी लेव्हल करायची. बटणांच्या पेटीत धडधड घालायची. गाडी डावीकडून आली तर पेटी डावीकडे थरथरेल, जवळ येईल तशी जोरात. आधी पेटी, मग पेटीची धडधड कमी कमी, आणि कानांत जेवढा आवाज उरलाय तेवढ्यावर मन बसवायचं. "सात दिवसांत?" ती म्हणाली. आणि बाही वर सारून बसली.

१५ मार्च

शाळेच्या सभागृहात आज गेम सुपूर्द करायचा होता. साहेब, समितीचे दोन सभासद, बाई, मुली. टिकटिकने पाहुण्यांना हेडफोन लावून दिले. समितीतले एक सभासद तिसऱ्या लेव्हलवर पाच वेळा मेले. टिकटिक त्यांच्यानंतर बसली आणि एका फेरीत पलीकडे पोचली. त्यांनी हेडफोन काढून तिच्याकडे बघितलं, मग खिडकीतून फाटकाकडे. सोमवारपासून आठवीच्या आणि पुढच्या मुली फाटकाबाहेर, आधी बाईंबरोबर दहा फेऱ्या, मग एकट्या. हे त्यांनी तिथेच कबूल केलं आणि बाईंनी तिथेच लिहून घेतलं.

मग चौथीची पाळी. ढग खुर्चीत बसली होती, पेटी मांडीवर. परवा तिचे कान तपासले. माझ्यापेक्षा वाईट आलेख आहे. मी तिच्यामागे गुडघ्यावर बसून वायर जोडत होते. माझी पाठ पाहुण्यांकडे.

तेव्हा साहेबांचं बोलणं ऐकू आलं. शेजारच्या सभासदाशी, दबक्या आवाजात. "आज सही करून टाकू. ही चौथी नंतर काढून घेतो मी. एका मुलीसाठी पेट्या बदलायच्या, देखभाल ठेवायची, कोण करणार? बाईंना आत्ता सांगू नका, भांडत बसतील."

एकेक अक्षर. सगळे स, सगळे त.

मी वायर जोडून पुरी केली. मगच उठले. "साहेब, काढायची असेल तर आत्ता काढा. आणि का काढायची ते तिला सांगा. तिच्यासाठीच आहे ती."

साहेब हसले. "मॅडम, तुमच्या ऐकण्यात काहीतरी…"

"नाही," मागून कानसेन म्हणाला. "ताईंनी बरोबर ऐकलंय. मीही ऐकलं."

ढगने मान वर केली. काहीतरी चाललंय एवढं तिला कळलं होतं. "काय म्हणाले?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नेहमी हेच होत असणार तिच्यापुढे. काही नाही, काही नाही, नंतर सांगू. मी तिच्यासमोर बसले, तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि साहेब बोलले ते सगळं सांगितलं. मोठ्याने, सावकाश, एकही शब्द न गाळता. देखभालीसकट.

तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्ची फिरवली, साहेबांचा आवाज आधी जिथून आला होता तिकडे तोंड केलं आणि विचारलं, "का?"

आणि उत्तर यायची वाट बघत राहिली. तिला सवय आहे, उत्तर आलं तरी आपल्याला कळायला वेळ लागतो. म्हणून ती थांबली, पुष्कळ वेळ थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, ते बोलले का? मला नाही ऐकू आलं."

"नाही बाळा," मी म्हटलं. "ते बोललेच नाहीत."

साहेबांनी सही केली. चारही लेव्हलवर. पेनाचं टोक कागदावर कसं खरखरतं ते मी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.